‘नेट खराब आहे’ म्हणण्याआधी: ब्राउझरमधल्या कॉलचा आवाज ठरतो कसा, अडतो कुठे

५ मे २०२५ रोजी स्काईप बंद झालं. परदेशी गेलेल्या मुलांशी बोलता यावं म्हणून कितीतरी मराठी घरांत आईवडील संगणकासमोर बसायला शिकले, ते स्काईपच्या निमित्ताने. आता ही बोलणी विखुरली आहेत आणि त्यातली पुष्कळशी थेट ब्राउझरमध्ये आली आहेत. लिंक येते, ती उघडायची, मायक्रोफोनला परवानगी द्यायची आणि बोलायला लागायचं. दवाखान्याची ऑनलाइन तपासणी, शिकवणी, नोकरीची मुलाखत, ग्राहक सेवेचं ‘इथे दाबा आणि बोला’ असं बटण, सगळं त्याच वाटेने चाललंय. अनेक कार्यालयांत तर टेबलावरचा फोन गेला आणि त्याच्या जागी ब्राउझरची एक टॅब आली.

सोय खरोखर मोठी आहे. पण ती बिघडली की माणूस अगदी निरुपाय होतो. तुम्हाला समोरच्याचं ऐकू येतं, त्याला तुमचं नाही. किंवा कॉलर ट्यून स्वच्छ वाजते आणि समोरच्याने फोन उचलताच सगळं शांत. किंवा ‘मराठीसाठी एक दाबा’ असं ऐकू येतं, तुम्ही एक दाबत राहता आणि पलीकडे काहीच पोचत नाही. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: ‘तुमचं नेट खराब आहे.’

कधीकधी ते खरंही असतं. पण बऱ्याच वेळा पाणी दुसरीकडेच मुरत असतं. पहिला ‘हॅलो’ उच्चारण्याआधीच दोन यंत्रांमध्ये एक लेखी बोलणी झालेली असतात आणि आवाज कसा पाठवायचा ते तिथेच ठरतं. ही बोलणी साध्या मजकुरात असतात, ती वाचता येतात. ती वाचली तर अंदाजाने मायक्रोफोन बदलत बसण्यात जाणारा दिवस वाचतो.

## कोडेक म्हणजे काय

मायक्रोफोनमधला आवाज संगणकात आकड्यांच्या रूपाने येतो. सेकंदाला ४८,००० वेळा आवाजाची पातळी मोजली आणि दर मोजणीला १६ बिट दिले, तर सेकंदाला ७६८ किलोबिट होतात. एवढं ओझं जसंच्या तसं पाठवणं परवडत नाही. म्हणून पाठवणारा ते आवळतो आणि ऐकणारा उलगडतो. आवळण्या-उलगडण्याची ही रीत म्हणजे कोडेक. एकाने एका रीतीने आवळलं आणि दुसऱ्याला ती रीतच माहीत नसेल, तर त्याच्या हाती निरर्थक आकडे येतात.

आपल्या कामापुरती चार नावं पुरेत. पहिलं जी.७११. हे १९७२ सालचं, जगभरच्या टेलिफोनचा पाया. सेकंदाला ८,००० मोजण्या, दर मोजणीला ८ बिट, म्हणजे ६४ किलोबिट. याचे दोन प्रकार आहेत: भारतात आणि युरोपात ए-लॉ, अमेरिका आणि जपानमध्ये म्यू-लॉ. दुसरं जी.७२९. ते अवघ्या ८ किलोबिटमध्ये काम भागवतं, म्हणून महागड्या जोडण्यांच्या काळात टेलिफोन कंपन्यांना ते फार प्रिय होतं. तिसरं एएमआर वाइडबँड, आपल्या मोबाइलवरच्या व्होल्टी, म्हणजे ४जी जाळ्यावरून जाणाऱ्या, कॉलचं. आणि चौथं ओपस.

ओपसबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. २०१२ मध्ये ते इंटरनेटचं अधिकृत मानक झालं. त्यात दोन कोडेक एकत्र आहेत: बोलण्यासाठी स्काईपने बनवलेलं सिल्क आणि संगीतासाठी झिफ या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेचं सेल्ट. जाँ-मार्क व्हालँ, कोएन व्होस आणि टिमोथी टेरीबेरी हे त्याचे मुख्य कर्ते. सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत ते हवं तसं आकसतं, फुगतं, तेही कॉल चालू असताना. शिवाय कुणालाही ते विनामूल्य वापरता येतं. स्काईप बंद झालं तरी त्याच्या आवाजाची मूळ विद्या अशी प्रत्येक ब्राउझरमध्ये चालू आहे. माणसांनी एकमेकांसाठी केलेल्या कामाचं याहून चांगलं उदाहरण मला तंत्रज्ञानात क्वचितच दिसतं.

फरक कानाला कळतो का? नक्की कळतो. जुन्या टेलिफोनचा पट्टा साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झचा. आपण ‘स’ म्हणतो तेव्हा त्या सीत्काराची बरीच ऊर्जा या पट्ट्याच्या वर असते आणि फोनमध्ये ती कापली जाते. म्हणून फोनवर ‘स’ आणि ‘फ’ यांत घोटाळा होतो, आडनाव तीनदा सांगावं लागतं. ज्यांना ऐकायला आधीच कमी येतं, त्यांना या कापाकापीचा त्रास सगळ्यात जास्त होतो.

## यंत्रांची बोलणी होतात कशी

कोल्हापूरचा गूळ-व्यापारी आणि गुजरातचा खरेदीदार पहिल्यांदाच फोनवर बोलणार आहेत असं समजा. आधी चिठ्ठी जाते: ‘मला मराठी, हिंदी आणि थोडी कन्नड येते, आवडीचा क्रम हाच.’ उत्तर येतं: ‘यातली हिंदी मला येते.’ मग बोलणं हिंदीत. एकही भाषा सामाईक नसेल तर दोनच वाटा: व्यवहार सोडायचा किंवा दुभाष्या शोधायचा.

ब्राउझर हेच करतो. पहिल्या चिठ्ठीला ऑफर म्हणतात, उत्तराला आन्सर. मजकूर ज्या ठरावीक रीतीने लिहितात तिचं नाव एसडीपी. क्रोमच्या ऑफरमध्ये आवाजाच्या ओळीच्या शेवटी साधारण असे आकडे दिसतात:

१११ ६३ ९ ० ८ १३ ११० १२६

हे आवडीच्या क्रमाने मांडलेले कोडेकचे क्रमांक आहेत. १११ म्हणजे ओपस. ६३ म्हणजे तोच आवाज राखीव प्रतीसह पाठवण्याची सोय. ९ म्हणजे जी.७२२, ऑफिसच्या टेबलफोनवर भेटणारं. ० म्हणजे म्यू-लॉ, ८ म्हणजे ए-लॉ. १३ म्हणजे शांततेतला हलका खरखराट, लाइन तुटली असं वाटू नये म्हणून. शेवटचे दोन कीपॅडच्या बटणांसाठी.

यातले ०, ८ आणि ९ जगभर पक्के ठरलेले आहेत. ९६ ते १२७ हे आकडे मात्र त्या कॉलपुरते वाटून घेतलेले असतात. क्रोम ओपसला १११ म्हणतो, फायरफॉक्स १०९ म्हणतो. कोणता आकडा म्हणजे काय, हे खालच्या ओळींत लिहिलेलं असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

## दोन्हीकडे ब्राउझर असेल तर कोडेकवर संशय नको

वेबआरटीसी, म्हणजे ब्राउझरमधून थेट बोलण्याची ही यंत्रणा, गूगलने २०११ मध्ये खुली केली. कोडेकवरून भांडणं होऊ नयेत म्हणून २०१६ मध्ये नियमच झाला: अशा प्रत्येक यंत्रणेला ओपस आलंच पाहिजे आणि जी.७११ चे दोन्ही प्रकारही आले पाहिजेत. त्यामुळे क्रोम, फायरफॉक्स, सफारी कुणीही कुणाशी बोललं तरी निदान तीन सामाईक रीती हाताशी असतात. बैठक मोडायला जागाच नाही.

म्हणून दोन ब्राउझरांमधल्या कॉलमध्ये आवाज नसेल तर आधी बाकीचं पाहा. मायक्रोफोनची परवानगी नाकारलेली असते. पान सुरक्षित, म्हणजे एचटीटीपीएस नसतं; तसं नसेल तर ब्राउझर मायक्रोफोन देतच नाही. आवाज भलत्याच स्पीकरकडे जात असतो. फक्त ऐकायचं असलेल्या वेबिनारच्या पानावर, तुम्ही कुठेही क्लिक केलेलं नसेल, तर ब्राउझर आवाज सुरू करत नाही. आपोआप ओरडणाऱ्या जाहिरातींना आवर घालण्यासाठी हा नियम आला. आणि ऑफिसच्या फायरवॉलने आवाजाची पॅकेटं, म्हणजे नेटवरून जाणारे त्याचे छोटे तुकडे, अडवली असतील, तर कॉल ‘जोडलेला’ दिसूनही कानाला काही येत नाही.

## फोनच्या जाळ्याशी गाठ पडते तिथे

ब्राउझरमधून साध्या फोन नंबरवर कॉल लावला की चित्र पालटतं. मध्ये गेटवे येतो. त्याचं एक तोंड ब्राउझरकडे आणि दुसरं टेलिफोन कंपनीकडे असतं. ॲस्टरिस्क, फ्रीस्विच ही अशा कामाची प्रसिद्ध मुक्त सॉफ्टवेअर आहेत. इथे एका कॉलमध्ये दोन स्वतंत्र बोलणी होतात, ब्राउझर-गेटवे आणि गेटवे-कंपनी, आणि दोन्हींची सांगड गेटवेने घालायची असते. खरे घोटाळे होतात ते इथे.

सगळ्यात सरळ घोटाळा सामाईक कोडेक नसण्याचा. कंपनीची लाइन फक्त जी.७२९ वर ठेवलेली आहे आणि ब्राउझरला जी.७२९ येतच नाही. गेटवेला दुभाष्याचं काम, म्हणजे ट्रान्सकोडिंग, नेमून दिलेलं नसेल तर कॉल लागण्याआधीच पडतो. गेटवेच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, ४८८ हा आकडा दिसतो, अर्थ ‘हे इथे चालणार नाही’. टेलिफोनच्या जुन्या भाषेत हेच कारण क्रमांक ८८, न जुळणारं ठिकाण. हा घोटाळा निदान प्रामाणिक असतो, कारण तो लगेच आणि स्पष्ट दिसतो.

त्रास देतात ते अर्धवट जुळलेले कॉल. ब्राउझरने ओपसला १११ म्हटलं, गेटवेने आपल्या उत्तरात १०७ म्हटलं. नियमाने हे चालतं, कारण प्रत्येकाने आपल्याला कोणत्या क्रमांकाने पाठवायचं ते सांगायचं असतं. पण एखाद्या गेटवेचं सॉफ्टवेअर ही बाब नीट पाळत नाही आणि ब्राउझरला ठाऊकच नसलेल्या क्रमांकाने पॅकेटं पाठवत राहतं. ब्राउझर ती टाकून देतो. कॉल चालू, घड्याळ चालू, एका बाजूचा आवाज बंद.

दुसरा नेहमीचा अडथळा ओपसच्या ओळीचा. नियमाने ती ‘ओपस/४८०००/२’ अशीच लिहायची असते, आवाज एकाच वाहिनीचा असला तरी. शेवटचा २ पाहून एखाद्याला वाटतं की आपला आवाज स्टिरिओ नाही, चूक दुरुस्त करू, आणि तो २ काढून टाकतो. मग ब्राउझरला ते ओपस म्हणून ओळखताच येत नाही. बोलणी मुकाट्याने जी.७११ वर घसरतात किंवा मोडतात. जी.७२२ ची गंमत उलटी: आवाज सेकंदाला १६,००० वेळा मोजला जातो, पण लिहायचं ८,०००. फार पूर्वी मानकात झालेली चूक सगळ्यांची यंत्रं तशीच चालू राहावीत म्हणून कायम ठेवली गेली. या दोन ओळी ‘सुधारायला’ जाऊ नका.

मग कुलूपबंदीचा प्रश्न. ब्राउझर आवाज कूटबद्ध केल्याशिवाय पाठवतच नाही. जुने फोन आणि गेटवे उघडा आवाज पाठवतात. गेटवेने उत्तरात उघड्या पद्धतीची ओळ लिहिली, तर कोडेक जुळलेला असूनही ब्राउझर अख्खी चिठ्ठी नाकारतो. नोंदवहीत चूक ‘एसडीपी स्वीकारता आला नाही’ अशा अर्थाची येते आणि लोक तासन्‌तास कोडेकच्या ओळी खालीवर करत बसतात.

कॉलर ट्यूनचं कोडंही इथेच सुटतं. आपल्याकडे फोन उचलला जाण्याआधीच कंपनी गाणं वाजवते, म्हणजे आवाजाची वाट तेव्हाच उघडलेली असते. समोरच्याने उचलल्यावर कंपनीकडून अनेकदा नवी ऑफर येते: आता अमुक एकाच कोडेकने, अमुक पत्त्यावर बोलू. गेटवेने हा बदल नीट हाताळला नाही, तर गाणं छान ऐकू येऊन नंतर शांतता होते. म्हणून असा कॉल तपासताना पहिली चिठ्ठी पाहून थांबू नये. कॉलच्या मध्ये आलेल्या चिठ्ठ्याही पाहाव्यात. त्यातच दिशेची ओळ असते: दोन्हीकडून बोलणं, फक्त पाठवणं, फक्त घेणं, की दोन्ही बंद. कॉल होल्डवर टाकून परत घेतल्यावर ही ओळ ‘फक्त घेणं’ वर अडकून राहिली, की एकतर्फी आवाज झालाच.

‘एक दाबा’ चं बटण पोचत नाही त्याचं कारण असं, की बटणाचा सूर बहुधा आवाजात मिसळून जात नाही, वेगळ्या पॅकेटांतून जातो. त्यासाठी वेगळा क्रमांक दोघांनी मान्य करावा लागतो. क्रोम त्याचे दोन प्रकार देतो, एक ४८,००० चा, ओपससोबत चालणारा, आणि एक ८,००० चा. गेटवेने दोन्ही वगळले, तर बोलणं उत्तम चालतं, बटणं मात्र मुकी राहतात.

अमेरिकेतल्या एडिसनमधून पुण्याच्या लँडलाइनवर फोन लावला तर आणखी एक टप्पा वाढतो. तिकडे म्यू-लॉ, इकडे ए-लॉ. आंतरराष्ट्रीय नियम असा, की बदल म्यू-लॉ वाल्या देशाने करायचा. कुठल्यातरी गेटवेवर ० आणि ८ यांची अदलाबदल झाली, तर शब्द कसेबसे कळतात, पण आवाज फाटका आणि कर्कश येतो. असा आवाज ऐकला की नेटला दोष देऊ नये. नेट बिघडलं की आवाज तुटतो, असा सलग फाटत नाही.

आणि हे सगळं बरोबर असूनही आवाज चपटा का येतो? ब्राउझरमध्ये ओपस आहे, समोर मोबाइलवर एएमआर वाइडबँड आहे, दोन्ही ऐसपैस, म्हणजे जुन्या टेलिफोनपेक्षा रुंद पट्ट्याचे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं तेच निव्वळ व्होल्टीवर, म्हणजे आपल्याकडे ऐसपैस आवाजाचे मोबाइल कोट्यवधी आहेत. पण ब्राउझरला एएमआर येत नाही आणि गेटवे ते कंपनी हा मधला टप्पा बहुधा जी.७११ चा असतो. रुंद रस्ता, मग अरुंद पूल, मग पुन्हा रुंद रस्ता. पुलावर जे कापलं गेलं ते पुढे परत मिळत नाही.

## मग तपासायचं कसं

तीन प्रश्न, याच क्रमाने. बोलणी जुळली का? पॅकेटं पोचली का? पोचलेल्या पॅकेटांचा आवाज झाला का?

क्रोम किंवा एजमध्ये कॉल लावण्याआधी दुसऱ्या टॅबमध्ये ‘क्रोम://वेबआरटीसी-इंटर्नल्स’ हा पत्ता इंग्रजी अक्षरांत टाकावा. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:वेबआरटीसी’. हे पान कुठल्याही घरच्या संगणकावर उघडतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. तिथे ऑफर आणि आन्सर दोन्ही पूर्ण दिसतात. आन्सरमधली आवाजाची ओळ पाहा. तिथे पोर्टच्या, म्हणजे ‘ऑडिओ’ या शब्दानंतरच्या पहिल्या आकड्याच्या, जागी ० असेल, तर समोरच्याने आवाजाची वाटच नाकारली आहे. एखादा कोडेक उरला असेल, तर कोणता ते पाहा. ओपसऐवजी ० किंवा ८ आलं असेल तर गेटवेची सेटिंग विचारा.

जुळणी ठीक असेल तर आकडेवारीकडे या. येणाऱ्या आवाजाच्या नोंदीत, ‘इनबाउंड-आरटीपी’ या नावाखाली, मिळालेल्या पॅकेटांची संख्या वाढत जाताना दिसते. एका पॅकेटात बहुधा २० मिलिसेकंदांचा आवाज असतो, म्हणजे सेकंदाला साधारण ५० पॅकेटं. दहा सेकंदांत ५०० च्या आसपास वाढ झाली तर वाट मोकळी आहे. आकडा शून्यावर गोठलेला असेल तर फायरवॉल, रूटर किंवा मधे आवाज पोचवून देणारा टर्न सर्व्हर तपासा, आणि त्यांत काही नसेल तर वर सांगितलेला न ओळखलेला क्रमांक. बाकी कोडेकच्या ओळींना हात लावून इथे उपयोग नाही.

पॅकेटं येतात, पण ऐकू काही नाही? मग आवाजाच्या ऊर्जेचा आकडा पाहा, ‘टोटल ऑडिओ एनर्जी’. तो वाढत असेल तर आवाज तुमच्या ब्राउझरपर्यंत पोचून उलगडलाही आहे. दोष स्पीकर निवडण्यात किंवा पानाच्या प्रोग्रॅममध्ये. तो वाढत नसेल तर पलीकडून शांतताच येते आहे. म्यूट केलेला मायक्रोफोनही पॅकेटं पाठवतच राहतो, फक्त ती रिकामी असतात. पॅकेटांची संख्या नेहमीची, पण बाइट्‌स अगदी थोडे, अशी जोडी ओपसच्या कॉलमध्ये दिसली तर लांबलचक ईमेलऐवजी समोरच्याला फक्त मायक्रोफोन बघायला सांगा.

हा क्रम पाळण्याचा मी आग्रह धरतो, कारण तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करायची सवय सगळ्यांना आहे. आवाज नाही म्हटलं की हेडफोन बदल, ब्राउझर बदल, संगणक बंद करून चालू कर. त्यात योगायोगाने कॉल लागतो, खरं कारण तसंच राहतं आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाचा तरी कॉल पडतो.

## ‘नेट खराब आहे’ हे मग खोटंच का?

खोटं नाही, अपुरं आहे. मोबाइल इंटरनेटवर थोडी पॅकेटं गळणारच. प्रश्न असा की गळल्यावर काय होतं. ओपसमध्ये अशी सोय आहे की प्रत्येक पॅकेटात आधीच्या पॅकेटाची एक हलकी प्रत ठेवता येते. आधीचं हरवलं, तर त्या प्रतीवरून आवाज भरून काढता येतो. एसडीपीमध्ये ही सोय ‘यूज-इनबँड-एफईसी=१’ अशा अर्थाच्या एका छोट्या तुकड्याने मागितली जाते. गेटवेने उत्तर लिहिताना हा तुकडा गाळला, तर तुमचा ब्राउझर त्या गेटवेला प्रती पाठवणं बंद करतो. जी.७११ मध्ये तर मुळातच अशी सोय नाही.

म्हणजे त्याच घरात, त्याच नेटवर, तेवढीच पॅकेटं गळत असताना एक कॉल नीट ऐकू येतो आणि दुसऱ्यात शब्द तुटतात. फरक बोलणीत झालेला असतो. ग्राहकाला मात्र दोन्ही वेळा रूटर बंद-चालू करायला सांगितलं जातं. गावाकडून डॉक्टरांशी बोलणाऱ्या वयस्क माणसाला, आपलंच काही चुकलं असं वाटायला लावणारं हे उत्तर मला मान्य नाही. दुरुस्ती त्याच्या हातात नसते, सेवा चालवणाऱ्याच्या हातात असते.

नेट खरंच खराब आहे का, तेही त्याच पानावर दिसतं. हरवलेली पॅकेटं वेगळी मोजलेली असतात. ‘कन्सील्ड सॅम्पल्स’ म्हणजे ब्राउझरला स्वतः अंदाजाने भरावा लागलेला आवाज. पॅकेटं फारशी हरवत नाहीत, पण हा आकडा झपाट्याने वाढतो आहे, तर पॅकेटं पोचतात पण उशिरा, अनियमितपणे. वायफाय दूर असलं की हे हमखास होतं.

## सगळीकडे जी.७११ च ठेवलं तर दुभाष्याची कटकट जाईल ना?

जाईल, आणि काही सेवा तसं करतातही. ब्राउझरला ए-लॉ येतं, कंपनीलाही येतं, मग गेटवेला आवाज उलगडून पुन्हा आवळावा लागत नाही. यंत्रावरचा भार कमी, बिघाडाच्या जागा कमी. चांगल्या तारेच्या नेटवर बसलेल्या ऑफिससाठी हा पर्याय वाईट नाही.

पण हिशेब करून पाहा. जी.७११ च्या २० मिलिसेकंदांच्या पॅकेटात १६० बाइट आवाज आणि ४० बाइट पत्त्याचे, असे २०० बाइट. सेकंदाला ५० पॅकेटं, म्हणजे ८० किलोबिट. ओपस ३२ किलोबिटवर चालवलं तर ८० अधिक ४०, म्हणजे १२० बाइट आणि ४८ किलोबिट. बचत आहे, पण माझ्या मते ती दुय्यम आहे. महत्त्वाची गोष्ट हरवलेलं भरून काढण्याची. आपले बहुतेक वापरकर्ते मोबाइल नेटवर किंवा गर्दीच्या वायफायवर असतात आणि वाट सगळ्यात कच्ची असते ती त्यांच्या घरापासून गेटवेपर्यंत. तेवढ्या टप्प्यावर ओपस ठेवावं आणि दुभाष्याचं काम गेटवेने करावं. सर्व्हरचा खर्च थोडा वाढेल, तो सेवेने सोसावा.

सेवा चालवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. गेटवेवर आधी सगळे कोडेक बंद करून मग हवे तेच, हव्या त्या क्रमाने उघडावेत: ब्राउझरकडच्या तोंडाला ओपस आणि मागे ए-लॉ, कंपनीकडच्या तोंडाला कंपनी जे लेखी कळवेल ते. ब्राउझरमध्ये क्रम बदलायचा तर त्यासाठी अधिकृत सोय आहे, ‘सेट-कोडेक-प्रेफरन्सेस’. एसडीपीचा मजकूर हाताने कापून जोडायची जुनी खटपट अजून चालते, पण ब्राउझरच्या एखाद्या नव्या आवृत्तीत ती न कळवता मोडते आणि शोधताना जीव जातो.

## बोलणी उत्तम, तरी मीटिंग सुरू होताच आवाज का बिघडतो?

इथे ब्राउझर आणि गेटवे दोघांचाही दोष नसतो. ब्लूटूथ हेडफोनवर गाणं ऐकताना एक पद्धत चालते, ऐकण्यापुरती. त्याच हेडफोनचा मायक्रोफोन सुरू झाला की तो दुसऱ्या, दुतर्फी पद्धतीवर जातो आणि तिथे त्याचा स्वतःचा कोडेक असतो: जुना असेल तर सेकंदाला ८,००० मोजण्यांचा, नवा असेल तर १६,००० चा. ही बोलणी हेडफोन आणि संगणक यांच्यातली असतात, एसडीपीमध्ये त्यांचा उल्लेखही नसतो. वेबआरटीसीच्या पानावर ओपस झळकत असतं आणि कानात जुना टेलिफोन वाजत असतो. उपाय सोपा: तारेचा हेडफोन लावून पाहा किंवा ऐकायला ब्लूटूथ ठेवून मायक्रोफोन लॅपटॉपचा निवडा.

## यंत्रातलं काही कळत नसेल तर

तरी तक्रार नेमकी करता येते. ‘आवाज येत नाही’ एवढंच न सांगता हे सांगावं: कॉलची तारीख आणि वेळ, आवाज एका बाजूचा गेला की दोन्ही, कॉलर ट्यून ऐकू आली का, उचलल्यानंतर लगेच शांतता झाली की बोलता बोलता, की होल्डवरून परत आल्यावर, आवाज तुटत होता की सलग फाटत होता, दुसऱ्या ब्राउझरशी बोलताना हेच होतं का, की फक्त फोन नंबर लावल्यावर, तारेचा हेडफोन लावून पाहिला का. एवढ्या उत्तरांवरून जाणकार माणसाला निम्मी कारणं तिथल्या तिथे वगळता येतात. आणि विचारावं: ‘या कॉलमध्ये माझ्या बाजूला कोणता कोडेक ठरला होता?’ सेवा नीट चालवणाऱ्याकडे याचं उत्तर असतं.

वेबआरटीसीच्या पानावरची माहिती साठवून पाठवायला सांगितली, तर ती फक्त त्या सेवेच्या अधिकृत मदत विभागाला द्यावी, सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नये. त्या मजकुरात तुमच्या नेटजोडणीचा पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, असतो.